नवीन गाडी मागायची की जुनीच नीट करून घ्यायची? इंटरसिटीच्या रेकसाठी निवेदन देण्याआधी काय काय बघायचं

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच पासधारक निवेदन घेऊन रेल्वेच्या एका साहेबांकडे गेलो होतो. निवेदन कसलं, एक ओळ होती, 'आमच्या गाडीला नवीन रेक द्यावा', आणि खाली दोनशे सह्या. साहेबांनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "नवीन म्हणजे कुठला हवाय? एलएचबी? ट्रेनसेट? का एमएलआर होऊन आलेला जुनाच चालेल?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. चहा चांगला होता, तो पिऊन परत आलो.

त्यानंतर मी या विषयाच्या हात धुऊन मागे लागलो, आणि जे कळलं ते इथे पायरीपायरीने लिहितोय, म्हणजे तुमच्या गावच्या इंटरसिटीसाठी कोणी प्रवासी संघातून जाणार असेल तर आमच्यासारखं हसं होऊ नये. उदाहरणं मुख्यतः पुणे-मुंबईची देणार कारण रोजचा रस्ता तोच, मध्ये मध्ये इंग्लंडचं आणि स्कॉटलंडचं येईल कारण तिकडे हाच प्रश्न पार चिघळलेला आहे.

आधी चार शब्द क्लिअर करून घेऊ. आयसीएफ म्हणजे जुन्या पद्धतीचे डबे, एलएचबी म्हणजे त्यांच्यानंतर आलेले जर्मन डिझाइनचे. रेक म्हणजे डब्यांचा अख्खा संच, इंजिन सोडून. ट्रेनसेट म्हणजे ज्याला वेगळं इंजिनच नसतं, मोटारी डब्यांच्या खालीच असतात, आपली वंदे भारत तशी.

पायरी १ : डब्याचा जन्मदाखला वाचा

हे कोणालाही जमतं, फक्त गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी स्टेशनवर पोचायचं. डब्याच्या बाजूला मोठ्या आकड्यात नंबर असतो, पाच किंवा सहा आकडी, त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनला ते वर्ष. ०९ ने सुरू झाला तर २००९ चा. त्याच्याजवळच्या डब्याच्या कोडमध्ये सुरुवातीला 'एल' असेल तर एलएचबी, नसेल तर बहुतेक जुना आयसीएफ. मग दोन डब्यांच्या मधल्या बाजूला डोकावून बघा, तिथे भिंतीवर पेंटने लिहिलेलं असतं की शेवटचं पीओएच म्हणजे मोठं ओव्हरहॉल कुठल्या वर्कशॉपला कधी झालं आणि पुढची 'रिटर्न डेट' काय आहे. आपल्याकडच्या डब्यांवर बऱ्याचदा माटुंगा वर्कशॉपचं नाव सापडेल.

आता हे आकडे घेऊन गणित करायचं. आयसीएफ डब्याचं ठरलेलं आयुष्य, ज्याला ते लोक कोडल लाइफ म्हणतात, २५ वर्षं. एलएचबीचं ३५. म्हणजे २००९ चा आयसीएफ डबा २०३४ ला निवृत्त. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातून शेवटचा आयसीएफ पद्धतीचा डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर पडला, त्यामुळे तिथला कुठलाही आयसीएफ डबा त्यानंतरचा असूच शकत नाही. मी एका रविवारी वहीत सोळा डब्यांचे नंबर उतरवून घेतले तर एकाच रेकमध्ये अकरा वर्षांचा फरक निघाला. सरासरी काढत बसू नका, सगळ्यात म्हातारा डबा कुठला आणि असे किती एवढंच बघा, कारण रेक अडतो तो त्यांच्यामुळे.

(निवृत्त डब्याचं काय होतं विचाराल तर बरेचसे खिडक्या बंद करून मोटारगाड्या वाहायला जातात, आणि एखाद्याचं नशीब इतकं चांगलं की २०२१ मध्ये सीएसएमटीच्या आवारात त्याचं हॉटेल झालं. म्हणजे आपण ज्या सीटवर पेंगलो तिथेच आता कोणीतरी पनीर टिक्का खातंय.)

पायरी २ : 'नूतनीकरण' म्हणजे नक्की काय, हे विचारा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो.

पहिली म्हणजे रंगरंगोटी. रेल्वेने २०१७ मध्ये राजधानी-शताब्दीसाठी 'स्वर्ण' काढलं, रेकमागे साधारण ५० लाख, आणि २०१८ मध्ये मेल-एक्स्प्रेससाठी 'उत्कृष्ट', ६४० रेक, रेकमागे ६० लाख. ऐकायला मोठं वाटतं. पण वीस डब्यांनी भागा, डब्याला तीन लाख. तीन लाखात हल्ली घरातलं एक बाथरूम धड होत नाही, डब्याला तर चार संडास असतात. एलईडी दिवे, बाहेरून नवा रंग, टॉयलेटमध्ये नवी फरशी, पाट्या, डस्टबिन, हे होतं आणि ते वाईट नाही, पण डब्याचं वय त्याने एक दिवसही कमी होत नाही.

दुसरी म्हणजे खरी मधल्या वयातली दुरुस्ती, मिडलाइफ रिहॅबिलिटेशन, तेच ते साहेबांचं एमएलआर. डबा १२ ते १५ वर्षांचा झाला की भोपाळजवळ निशातपुऱ्याला जे कोच रिहॅबिलिटेशन वर्कशॉप आहे तिथे पाठवतात, आतलं सगळं काढून सांगाडा उघडा करतात, गंजलेला पत्रा कापून नवा जोडतात, वायरिंग, जमीन, सीट सगळं परत बसवतात. गंज कुठे लागतो माहितीये का, टॉयलेटच्या आणि दाराच्या आसपास, जिथे पाणी साचतं तिथे, वरून व्हिनाइलची चादर गुळगुळीत असते आणि खाली पत्र्याचा चुरा. दारापाशी उभं राहिल्यावर पायाखाली जमीन जरा दबल्यासारखी वाटली तर समजून जा.

तिसरी म्हणजे जवळपास पुनर्जन्म. इंग्लंडच्या एचएसटी, म्हणजे १९७६ पासून ताशी २०० किमीने धावलेल्या डिझेल गाड्या, त्यांना चाळिशीकडे जाताना नवी जर्मन इंजिनं घातली, पुढे काहींना हाताने उघडायच्या दारांऐवजी आपोआप उघडणारी दारं बसवली, टॉयलेटचं पाणी रुळावर न सोडता टाकीत घ्यायची सोय केली. हे आपल्याकडे डब्यांच्या बाबतीत फारसं होत नाही.

मी एका 'नूतनीकरण' झालेल्या रेकमधून, गाडीचं नाव घेत नाही, पहिल्याच आठवड्यात प्रवास केला. सीटला नवं रेक्झिन, वर कंपनीचं प्लास्टिकसुद्धा तसंच, वासही नव्या गाडीचा. कर्जत सोडलं, पावसाची सर आली, खिडकीचं शटर ओढायला गेलो तर ते अर्ध्यात अडकलं ते अडकलंच, ती खाच जुनीच होती, फक्त वरून तिला पण रंग फासला होता. लोणावळ्यापर्यंत डावा खांदा भिजत गेला. तेव्हापासून मी 'नूतनीकरणात कामांची यादी काय आहे' हा प्रश्न लेखी विचारतो.

पायरी ३ : जे दुरुस्त होऊच शकत नाही ते वेगळं काढा

सीट बदलता येते, दिवा बदलता येतो, टॉयलेट बदलता येतं. सांगाडा बदलत नाही.

आयसीएफचं मूळ डिझाइन पन्नासच्या दशकातलं, स्विस कंपनीकडून आलेलं. वेग सहसा ताशी ११० पर्यंत, मधली जोडणी स्क्रूची, दोन बाजूंना धक्का झेलणारे बफर. एलएचबी जर्मनीहून आलं, पहिले डबे साधारण २००० च्या सुमारास धावायला लागले, स्टेनलेस स्टील, डिस्क ब्रेक, ताशी १३० आरामात आणि डिझाइन १६० चं, आणि मुख्य म्हणजे मधला कपलर, म्हणजे दोन डब्यांची जोडणी, अशी की धडक झाली तर एक डबा दुसऱ्यावर चढायची शक्यता खूप कमी. काही आयसीएफ डब्यांना नंतर तसला कपलर बसवला हे खरंय, पण पेटी तीच राहते ना.

डेक्कन क्वीनचा इतिहास बघितलात तर हे फार छान कळतं. १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, खालचा सांगाडा इंग्लंडचा आणि वरची बॉडी आपल्या माटुंग्यात बांधलेली. ते चालले थेट १९६६ पर्यंत. तेव्हा बदलले कारण पेरांबूरचे पोलादी, धडकेत एकमेकांत न घुसणारे डबे मिळायला लागले. मग १९९५ ला बदलले ते एअर ब्रेकसाठी, आणि गंमत म्हणजे तेव्हा आलेले सगळे डबे कोरे करकरीत नव्हते, काही नवे आणि काही जेमतेम वर्षभर वापरलेले. मग २२ जून २०२२ ला एलएचबी. म्हणजे क्वीनसारख्या लाडक्या गाडीलाही वेगळा रेक मिळाला तो ब्रेक किंवा सांगाड्याची पिढी बदलली तेव्हाच, मधली वर्षं डागडुजीवर काढली. मला हाच नियम पटतो.

आणि हे का गंभीरपणे घ्यायचं त्याचं उदाहरण स्कॉटलंडचं. तिथे त्याच जुन्या एचएसटी नूतनीकरण करून मोठ्या शहरांमधल्या इंटरसिटीला लावल्या, लोक खूश, मोठ्या खिडक्या, ऐसपैस सीट. १२ ऑगस्ट २०२० ला कारमाँटला जोरदार पावसाने रुळावर दगडगोटे वाहून आले आणि गाडी घसरली, तीन जण गेले. अपघाताचं कारण गाडी नव्हतीच, रुळाशेजारचं ड्रेनेज डिझाइनप्रमाणे बांधलेलं नव्हतं. पण चौकशी अहवालात हेही आलं की गाडी आधुनिक सुरक्षा निकषांच्या आधीची होती आणि त्या निकषांनुसार बांधलेली असती तर नुकसान कमी झालं असतं ही शक्यता जास्त. सीटचं कापड कितीही नवं असलं तरी याला उत्तर नाही.

दुसरी बाजूही सांगतो. एलएचबी आल्यावर पहिली तक्रार काय होती, धक्के. गाडी सुटताना आणि थांबताना कपलरमध्ये असा हिसका बसायचा की हातातला चहा समोरच्याच्या शर्टावर. नव्याची स्वतःची दुखणी असतात, ती निस्तरायला वर्षं लागतात.

पायरी ४ : गाडी सोडा, रूळ बघा

ही पायरी सगळे विसरतात आणि माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो.

सीएसएमटी ते पुणे १९२ किमी. कर्जतपर्यंत शंभर, त्यात कल्याणच्या पुढेमागे लोकलची गर्दी. कर्जत ते लोणावळा २८ किमी बोरघाट, चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. लोणावळा ते पुणे ६४ किमी सपाटी, पण दोनच लाइन आणि तिथेही लोकल आहेत. आता समजा तुम्ही ११० चा रेक काढून १३० चा आणला आणि या ६४ किमीवर पूर्ण वेग मिळाला, जो मिळत नाही पण समजा. ११० ने ३५ मिनिटं, १३० ने साडेएकोणतीस. वाचली साडेपाच मिनिटं. शिवाजीनगरच्या आउटरला सिग्नल लागला की ती पण गेली.

मग वेळ खातं कोण? घाट. कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात (त्या लागताना जो एक हलका ढुश्श बसतो त्यानेच अर्धी गाडी जागी होते आणि वडापाववाल्याला हाक मारते), मग ढकलत ढकलत वर. इथे डब्याच्या नवेपणाचा काडीचा फायदा नाही, फायदा आहे ताकद कुठे लावली त्याचा. वंदे भारतच्या मोटारी गाडीभर वाटलेल्या असतात म्हणून ती बँकरशिवाय घाट चढते. पण तोच फायदा दुसऱ्या रस्त्यानेही मिळतो, रेकच्या दोन्ही टोकांना इंजिन लावून, पुश-पुल. मुंबई-दिल्ली राजधानी, जी नाशिकमार्गे जाते, तिला २०१९ मध्येच असं केलं आणि कसाऱ्याच्या घाटासाठी बँकर लावायचा वेळ वाचला. अमृत भारत गाड्या, डिसेंबर २०२३ पासूनच्या, त्याच तत्त्वावर, बिनएसीचे डबे आणि दोन्हीकडे इंजिन.

म्हणजे घाटातल्या गाडीसाठी 'नवीन रेक द्या' याच्याऐवजी 'आहे त्या एलएचबी रेकला पुश-पुल द्या' ही मागणी जास्त शहाणपणाची असू शकते. आमच्या एका पंच्याहत्तरीच्या काकांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं होतं.

कोकणाचंही तेच. मडगाव वंदे भारत जून २०२३ ला सुरू झाली, पावसाळा सोडून पावणेआठ तासांत जाते, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की तीच गाडी दहा तासांच्या घरात. दरडी पडायच्या भीतीने वेगावर मर्यादा येतात, आणि दरड काही गाडीचं मॉडेल बघून पडत नाही.

इंग्लंडने तर याच्यात हात चांगलेच पोळून घेतले. लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गासाठी हिताचीच्या नव्या विजेच्या गाड्या मागवल्या, मग रुळावर वीज टाकायचं काम रखडलं, काही भाग तर २०१७ मध्ये रद्दच केला. परिणाम असा की गाड्यांच्या पोटाखाली डिझेल इंजिनं वागवत फिरावं लागतं. गाडी ज्या रुळासाठी घ्यायची तो रूळ आज तसा आहे का, हे आधी. 'पुढे होणार आहे' याला शून्य मार्क.

पायरी ५ : आत बसणार कोण?

पासधारकांनो, हे नीट वाचा. वंदे भारतमध्ये सीझन पास चालत नाही, जनरल डबा नाही, भाडंही वेगळं. तुमच्या सात-सव्वासातच्या गाडीच्या जागी उद्या ट्रेनसेट आला तर पेपरात फोटो येईल आणि तुम्ही प्लॅटफॉर्मवर राहाल. नवीन गाडी मागताना 'आहे त्या गाडीच्या जागी' की 'आहे त्या गाडीव्यतिरिक्त' हे शब्द लिहिलेच पाहिजेत. हा एक शब्द नसल्यामुळे मी लोकांची भांडणं बघितलीयेत.

जागांचं गणित : एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, आयसीएफपेक्षा लांब. स्लीपरला ७२ च्या जागी ८० बर्थ, थर्ड एसीला ६४ च्या जागी ७२. पण लांब असल्यामुळे जिथे २४ आयसीएफ डबे लागायचे तिथे २२ च लागतात. म्हणून 'नवीन डब्यात जास्त सीट' हे ऐकून लगेच टाळ्या नकोत, पूर्ण गाडीच्या सीट मोजा, त्यातही तुमच्या क्लासच्या.

आणि त्या गाडीचं स्वतःचं काही असेल तर ते आधी कागदावर आणा. डेक्कन क्वीनची डायनिंग कार, चीज टोस्ट आणि ऑम्लेटवाली, ती एलएचबीत जाईल का याची आम्हाला धास्ती होती, पण खास नवीन डिझाइन करून दिली आणि ३२ च्या जागी ४० लोक बसतात. मागणी स्पष्ट असली की होतं, नाहीतर स्टँडर्ड रेकमध्ये असलं काही येत नाही.

पायरी ६ : रात्री गाडी झोपते कुठे

साध्या रेकचा एक डबा बिघडला तर तो 'सिक' मार्क करतात, कापून सिक लाइनवर टाकतात, दुसरा जोडतात, गाडी निघते. ट्रेनसेटचे डबे एकमेकांना पक्के जोडलेले, एक आजारी तर अख्खी गाडी डेपोत. म्हणजे ट्रेनसेट मागताना तुमच्या टर्मिनसला त्या लांबीची पिट लाइन (गाडी खालून तपासायला खड्डा असलेली), ओव्हरहेड वायर असलेली शेड, ट्रेन्ड माणसं आणि एक स्पेअर गाडी, यातलं काय काय आहे हे विचारा. काहीच नसेल तर ती गाडी दर चार दिवसांनी रद्द होऊन तिच्या जागी कुठला तरी जुनाट रेक पाठवतील, भाडं मात्र आधीचंच कापलेलं.

हल्ली म्हणून गाडी आणि मेंटेनन्स एकत्रच विकत घ्यायची पद्धत आलीये. लातूरच्या कारखान्यासाठीचा वंदे भारत स्लीपरचा करार मूळ १२० गाड्यांचा आणि सोबत ३५ वर्षांच्या मेंटेनन्सचा. इंग्लंडमध्ये हिताचीच्या १२२ गाड्यांचा करार साडेसत्तावीस वर्षांचा, गाडी रोज सकाळी तयार दिली तरच पैसे. कागदावर एकदम चोख. तरी मे २०२१ मध्ये त्या गाड्यांच्या अंगाला, म्हणजे जॅक लावून उचलायच्या जागी आणि हेलकावे रोखणाऱ्या डँपरच्या ब्रॅकेटपाशी भेगा सापडल्या आणि एका सकाळी झाडून सगळ्या गाड्या तपासणीला बाजूला काढल्या, दिवसभर मुख्य मार्गांवर इंटरसिटीचे बारा वाजले. सगळा ताफा एकाच पिढीचा असला की आजारही सगळ्यांना एकदमच होतो. म्हणून माझं मत, नवीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी जुना चांगला रेक भंगारात पाठवायची घाई नको, दोन वर्षं तरी हाताशी ठेवावा.

पायरी ७ : पैसे, पण दर सीट दर वर्ष

इथे वही काढा. आकडे निव्वळ समजायला धरलेले आहेत, खरे तुम्ही माहितीच्या अधिकारात मागवा.

समजा ७३ सीटचा जुना चेअर कार, सखोल दुरुस्तीला ८० लाख, उरलेलं आयुष्य १० वर्षं. ८० लाख भागिले ७३ भागिले १० = साधारण १०,९६० रुपये दर सीट दर वर्ष. समजा नवीन ७८ सीटचा डबा २ कोटी ८० लाखाला, ३५ वर्षं चालणार. २ कोटी ८० लाख भागिले ७८ भागिले ३५ = साधारण १०,२५६. जवळपास बरोबरीत!

आता उरलेली वर्षं १० ऐवजी ६ करा, जुन्याचा आकडा १८,२६५ वर जातो. १४ करा, ७,८२८ वर येतो. म्हणजे सगळा खेळ पायरी एकमधल्या जन्मदाखल्याचा आहे, म्हणून तो आधी वाचायला सांगितला.

याच्यावर दोन दुरुस्त्या. नव्याचे सगळे पैसे आज मोजावे लागतात, त्यावरचं व्याज धरलं तर नवीन जरा महाग पडतं. उलट बाजूने, एलएचबी रेकला इंजिनातूनच दिव्या-एसीची वीज घेता येते, मग शेवटच्या जनरेटरच्या डब्यात डिझेल जाळत बसावं लागत नाही, तो आवाज आणि धूर पण जातो. आणि रेक दिवसात किती पळतो हेही धरा. सकाळी पुण्याहून जाऊन दिवसभर मुंबईत उभा राहणारा आणि संध्याकाळी परतणारा रेक दिवसाला ३८४ किमी करतो. सोलापूर वंदे भारत तशीच सकाळी जाऊन रात्री परतते, पण किमी दुपटीहून जास्त. पहिली वंदे भारत, २०१९ ची, सोळा डब्यांना शंभर कोटींच्या आसपास लागले होते, एवढी महाग वस्तू यार्डात ऊन खात उभी राहणार असेल तर मागायची कशाला? जास्त पळणाऱ्या मार्गाला नवीन, कमी पळणाऱ्याला दुरुस्त केलेलं, हा ढोबळ नियम.

पायरी ८ : मधली वर्षं कशी काढणार

नव्या गाडीची ऑर्डर म्हणजे वाट बघणं हे सगळ्यांना कळतं, पण दुरुस्तीलाही वाट बघावी लागते हे कळत नाही. स्कॉटलंडच्या त्या २६ एचएसटी डिसेंबर २०१८ पर्यंत तयार व्हायच्या होत्या. डबे उघडल्यावर आत अपेक्षेपेक्षा जास्त गंज निघाला, काम लांबलं, शेवटी सुरुवातीचे महिने काही गाड्या न सुधारताच चालवल्या. जुन्या घराचं प्लास्टर फोडल्यावर जे होतं तेच. म्हणून विचारायचं : वर्कशॉपला एका वेळी किती डबे जाणार, तेवढे दिवस बदली डबे कुठले, आणि कमी डब्यांची गाडी चालवणार असाल तर किती महिने. तारीख लेखी.

पायरी ९ : बसून बघा, तीन तास

हिताचीच्या त्याच नव्या गाड्यांबद्दल इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त शिव्या कशाला पडल्या असतील तर सीटला, इस्त्रीच्या फळीवर बसल्यासारखं वाटतं म्हणून. आणि तिथेच वीस वर्षं जुन्या, पेंडोलिनो नावाच्या ५६ गाड्यांवर १२.७ कोटी पाउंड घालून २०२४ पर्यंत नूतनीकरण केलं, सांगाडा भक्कम होता, नव्या सीट, प्रत्येकाला प्लग, लांब गाड्यांमधला फर्स्ट क्लासचा एक डबा साध्या वर्गाला दिला. तिथे दुरुस्तीच बरोबर होती, कारण आयुष्य अर्धं बाकी होतं.

आपल्याकडे हा प्रश्न येत्या दहा वर्षांत मोठा होणार आहे, कारण २००० नंतरचे पहिले एलएचबी डबे आता त्याच वयात आलेत. स्टीलला काही झालेलं नाही, आतलं फर्निचर मात्र खिळखिळं. नमुन्याचा एक डबा आधी चालवा आणि रोजच्या प्रवाशांना तीन तास बसवा, अशी मागणी आत्तापासून करायला हवी. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून सोफा घेणाऱ्यांचं काय होतं ते आपण घरोघरी बघतोच.

पायरी १० : आता निवेदन लिहा

माझा ढोबळ हिशोब असा. आयसीएफ रेक आणि त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या डब्यांची सात-आठ वर्षं किंवा कमी उरलेली, तर दुरुस्ती मागू नका, एलएचबी मागा, कोरा नसला तरी चालेल, दुसऱ्या गाडीवरून सुटलेला दहा वर्षांचा एलएचबी हा कोऱ्या रंगाच्या आयसीएफपेक्षा कधीही बरा. एलएचबी आहे पण आतून वाट लागलीये, तर सखोल नूतनीकरण. एलएचबी चांगला आहे पण घाटात वेळ जातो, तर पुश-पुल. चारशे-पाचशे किमीचा दिवसाचा प्रवास, रूळ तयार, डेपो तयार, तर ट्रेनसेट, पण जादा गाडी म्हणून.

आमचं दुसरं निवेदन मग असं होतं, हवं तर उचला :

"गाडी क्र. ___ च्या रेकमधील १६ डब्यांपैकी ५ डबे ___ सालापूर्वीचे आहेत (नंबरची यादी सोबत). या डब्यांवर रंगरंगोटीचा खर्च न करता ते नंतरच्या सालच्या डब्यांनी बदलावेत. उरलेल्या डब्यांमध्ये खिडकीची शटर्स, दारांजवळची जमीन व टॉयलेट यांची कामे पुढील पीओएचच्या वेळी, म्हणजे डब्यावरील रिटर्न डेटनुसार ___ महिन्यात, करावीत. पासधारकांच्या डब्यांची संख्या कमी करू नये. कामाच्या काळात बदली डबे द्यावेत."

या वेळी साहेबांनी (तेच नव्हते, बदली झाली होती) यादी दोनदा वाचली, एका ज्युनिअरला बोलावून विचारलं, "हे नंबर बरोबर आहेत का रे?" त्याने मोबाइलवर तपासलं आणि एक नंबर चुकलेला निघाला, मी ३ चा ८ वाचला होता. बाकीचे बरोबर होते. शटरची कामं पुढच्या पीओएचला झाली, पाचपैकी तीन डबे बदलून आले, दोनांची वाट बघतोय.